पान्याचा चंदनकाप्पु

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. साधा नव्हे, रॅचेटचा. साध्या पान्याला दर वळणाला नटावरून काढून पुन्हा बसवावं लागतं. माझं तसं नाही. माझ्या डोक्यात एक दातेरी चाक आहे आणि त्या चाकाला अडवणारी, करंगळीच्या नखाएवढी एक खिट्टी. दांडा पुढं ओढला की खिट्टी दातात रुतते आणि नट आवळला जातो. दांडा मागं नेला की तीच खिट्टी दातांवरून टकटक उड्या मारत निसटते. पाठीवर एक छोटा खटका आहे. तो एका बाजूला वळवला की मी आवळतो, दुसऱ्या बाजूला वळवला की सैल करतो. अर्ध्यावर राहिला तर मात्र मी कुणाच्याच कामाचा नाही, उलट घात करीन. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढं एका माणसाचं आयुष्य याच अर्ध्यावर अडकून पडलं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. कुठल्या गावचा ते विचारू नका. तेव्हा मी तापून लाल झालो होतो आणि डोक्यावर घण पडत होते, गावाचं नाव वाचायला सवड नव्हती. थंड झाल्यावर अंगावर शिक्का बसला, चकचकीत मुलामा चढला आणि मी लढाईच्या सामानाबरोबर जहाजानं मद्रासला आलो. लष्कराच्या लॉऱ्यांची सेवा केली. मग लढाई संपली. गोऱ्यांनी बंदुका मोजून परत नेल्या, पण पाने कोण मोजतो? आम्हाला पोत्यात भरून विकलं आणि मी मूर मार्केटातल्या एका दुकानापुढं, फुटक्या कंदिलाशेजारी, उन्हात पडून राहिलो.

तिथं मला मानाजी मिस्त्रीनं उचललं.

मानाजी तंजावरचा मराठा. त्याचे पूर्वज म्हणे राजांच्या पागेत होते. घोडे गेले, राज्यही गेलं, पण यंत्राच्या नाडीवर बोट ठेवायची खोड त्या घराण्याच्या हातात राहिली. तांबरमजवळ लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका शेडमधे तो मुख्य मिस्त्री होता. त्यानं मला हातात घेतलं, पण अंगावरचा शिक्का पाहिला नाही की मुलामा पाहिला नाही. मला कानाशी धरलं आणि हळू फिरवलं. टक टक टक. मानाजी हसला. दुकानदार बिचारा माझ्या परदेशी कुळाचं कौतुक सांगत होता, आणि मानाजी म्हणाला, "कुळ राहू दे, अप्पा. याचा आवाज चोख आहे."

शेडमधे आल्यावर त्यानं अणकुचीदार खिळ्यानं ठिपके ठोकून माझ्या दांड्यावर 'मा' काढला, तोही मोडी लिपीत. शेडमधे सगळ्यांना तमिळ येई, काहींना इंग्रजी येई, मोडी मानाजीच्या घरच्यांखेरीज कुणालाच येत नसे. त्यामुळं माझी चोरी होणं अवघड झालं. त्या ठिपक्यांनी मला जरा दुखलं, पण खरं सांगू का, परदेशी शिक्क्यापेक्षा तो 'मा' मला जास्त शोभला.

मानाजीचा एक नियम होता. पाना नटाला लावण्याआधी कानाशी धरून एकदा फिरवायचा. हा नियम त्यानं धाकट्या भावालाही शिकवला होता. शहाजी त्याचं नाव. वडील लवकर गेले, त्यामुळं भावानंच त्याला वाढवलेलं. मानाजी लॉरीवर वाकलेला असे आणि मागं हात करी. काय हवं ते बोलावं लागत नसे. शहाजी बरोबर तेच हत्यार, खटका योग्य बाजूला वळवून, त्याच्या हातात ठेवी. एकाचे हात दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ऐकत असत. ती आमची सुखाची वर्षं होती, मित्रांनो, आणि सुखाच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतंच.

मद्रासकडे नवरात्राच्या नवमीला आयुधपूजा असते हे तुम्हाला ठाऊक असेल. सोनारापासून न्हाव्यापर्यंत जो तो आपली हत्यारं धुऊन-पुसून देवापुढं मांडतो. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, देवाचा मान असतो तो. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजेतून उचलून चांगल्या वेळेवर काम सुरू करायचं. मानाजी आम्हा सगळ्यांना घरी आणी. त्याची बायको सकवारबाई आम्हाला पाटावर ओळीनं मांडी, प्रत्येकाला गंधाचा ठिपका आणि कुंकू लावी, आणि चुरमुरे नि सुंडलाचा, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांचा, नैवेद्य दाखवी. दशमीला शेडमधे गेल्यावर मानाजी पहिलं काम करी ते आम्हाला घासलेटात बुडवून धुण्याचं. सकवारबाईला ते आवडत नसे. देवाचं गंध घासलेटानं धुतात का, असं ती म्हणे. मानाजी म्हणे, "देवाला गंध चालतं गं, यंत्राला चालत नाही."

सन छप्पन्नच्या उन्हाळ्यात मानाजीला विषमज्वर झाला. असा झाला की घरात सगळ्यांनी मनातून आशा सोडली होती. सकवारबाई देवीला चंदनकाप्पु बोलली. काप्पु म्हणजे मूर्तीला सर्वांगी चंदनाचा लेप, इकडच्या देवळांतली ती मोठी सेवा. मानाजी वाचला, काठी टाकून पुन्हा कामावर जाऊ लागला. नवरात्रात नवस फेडला गेला, आणि देवळातून उरलेलं चंदन वाटीभर घरी आलं. नवमीला सकवारबाई पाटापुढं बसली. सगळ्यांना ठिपके लावून झाले, वाटीत चंदन उरलं होतं. तिची नजर माझ्यावर गेली. ज्यानं घरात तांदूळ आणला तो हा, असं काहीसं पुटपुटत तिनं मलाही काप्पु केला. डोक्यापासून दांड्यापर्यंत. बोटानं दाबून दाबून, एकही फट न ठेवता, खटक्याच्या खाचेतसुद्धा. वरून कुंकू दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अशी माया मला कुणी कधी केली नव्हती, पुढंही केली नाही.

मानाजी दारात उभा राहून हसला. म्हणाला, "अगं, त्याला श्वासाला तरी जागा ठेव."

तीही हसली. शहाजी हसला. आणि चंदन रात्रभर माझ्या पोटात वाळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेडपुढं केळीचे खांब बांधले होते. कुंकू भरलेला कोहळा फोडला, नारळ फुटले, नादस्वरमची सनई आणि तवीलचा ढोल असं दणाणत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. नारायणस्वामी नावाच्या लॉरीमालकाची घाई चालली होती. राहुकाळ लागण्याआधी त्याची लॉरी शेडबाहेर पडायला हवी होती, आणि इंजिनाचं डोकं आवळायचं राहिलं होतं. घासलेटाचा डबा पुढं कुणी आणलाच नाही. मानाजीनं मला आपल्या जुन्या, पुसायच्या बनियननं वरवर पुसलं, ठेवलं, आणि लॉरीच्या मडगार्डवर चढून आत वाकला. नेहमीसारखा मागं हात केला. शहाजीनं मला उचललं, अंगठ्यानं खटका पुरता, टोकापर्यंत वळवला आणि मला त्या हातात दिलं.

होय, पुरता. त्याचा अंगठा माझ्याच पाठीवर होता. मला ठाऊक असणार नाही तर कुणाला?

पण खटका वळला तरी आतली खिट्टी वळली नाही. वाळलेल्या चंदनानं तिला मागं धरून ठेवलं होतं. जेमतेम टोक पुढं आलं आणि दाताच्या कडेला टेकलं. नटावर बसताना माझा आवाज टक असा न येता थप असा दबका आला. कानाशी धरलं असतं तर मानाजीला तेवढं पुरलं असतं, पण त्या दिवशी कानाचा उपयोग नव्हता. मी ओरडत होतो असं मला वाटतं. लोखंडाचं ओरडणं म्हणजे केवढं असणार? त्यानं सगळा भार घालून मला ओढलं. टोक निसटलं. चाक रिकामं फिरलं. मानाजी मडगार्डवरून मागं गेला आणि शेडमधल्या खड्ड्याच्या सिमेंटच्या कडेवर त्याचं डोकं आदळलं.

नादस्वरम जरा वेळ वाजतच राहिलं. वाजवणाऱ्यांना काही दिसलं नव्हतं.

मी खड्ड्यात तेलात पडलो होतो. वर माणसं बोलत होती. कुणीतरी म्हणालं, खटका अर्ध्यावर राहिला असणार. दुसरा म्हणाला, हत्यार दिलं कुणी? सगळ्या माना शहाजीकडं वळल्या. ज्याला त्याला तोंडानं बोलायचं होतं, खड्ड्यात उतरून बघायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी उतरला तो शहाजीच. त्यानं भावाचं बनियन माझ्याभोवती गुंडाळलं, डोळे मिटून. खटका कुठल्या बाजूला आहे ते बघायचं त्याला धाडस झालं नाही. अर्ध्यावर दिसला असता तर? आणि चंदनाचं म्हणाल तर ते कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. देवाच्या प्रसादावर संशय कोण घेणार?

सुतक संपल्यावर सकवारबाईनं त्याला एकच गोष्ट विचारली. "शहाजी, खटका पुरता वळविला होतास?"

हो म्हणायचं होतं, मित्रांनो. पण तो खरा माणूस होता. रोज शंभरदा केलेलं काम त्या एका वेळी केलं की नाही, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना. तो म्हणाला, "आठवत नाही, वैनी."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

मला माळ्यावर ठेवलं, बनियनमधे गुंडाळून, जुन्या हंड्याच्या मागं. खाली ते दोघं एका घरात राहत होते. त्याला दुसरीकडं जाता येत नव्हतं, कारण वहिनीला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला त्याला घालवता येत नव्हतं, कारण नवऱ्यानं त्याला लेकरासारखं वाढवलं होतं. शहाजीनं पुन्हा हत्याराला हात लावला नाही. तांबरमहून गाडीनं टी. नगरला जाई आणि तिथल्या साड्यांच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या घाली. ज्या हातांना ग्रीसचा वास यायचा त्यांना कांजीवरमच्या रेशमाचा वास येऊ लागला. संध्याकाळी येऊन तो बाहेर ओट्यावर बसे. सकवारबाई कॉफीचा पेला उंबऱ्यावर ठेवी आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगे, "काप्पी ठेविली आहे." जेवण झालं की भिंतीलाच सांगे. त्या भिंतीला कान असते तर तिला घरचा सगळा कारभार पाठ झाला असता.

सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे तिन्हीसांज. छपरात पाली होत्या. पाल चुकचुकली की शहाजी ओट्यावर दचकून माळ्याकडं बघे. आत सकवारबाईचा हात भांड्यावर थांबे. दोघांनाही वाटे की मी आहे. मानाजी मला कानाशी धरून फिरवतो आहे असं त्यांना वाटे. टक टक टक. आणि मी तर वर मुका पडलो होतो! माझा आवाज चंदनानं केव्हाच बसला होता. पालीचा आवाज बंद झाला की दोघंही कितीतरी वेळ ऐकत राहत, आणि मीही ऐकत राही, कारण अंधारात पडल्या पडल्या मलाही कधीकधी वाटे की कुणाचा तरी ओळखीचा तळवा दांड्यावर येतोय.

कुणी एकदा माळ्यावर चढलं असतं, मला एकदा फिरवून पाहिलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. खटका टोकापर्यंत वळलेला होता आणि पोटात चंदन होतं. साक्ष माझ्याजवळ होती आणि मला तोंड नव्हतं. त्या वर्षांत मला गंज चढला. त्या गंजाचं मला काही वाटलं नाही. खाली एक निरपराध माणूस झिजत होता, ते मात्र सोसवत नव्हतं. दर आयुधपूजेला सकवारबाई विळी, उखळ आणि शिवणाचं यंत्र पाटावर मांडी. मला कुणी खाली काढत नसे.

अशी वर्षं गेली. मग एका रविवारी दुपारी चंद्रमौळी आला.

चंद्रमौळी म्हणजे सकवारबाईची भाची अंबुजा, तिचा नवरा. अड्यारला कुठल्याशा संस्थेत कारकून होता आणि त्याला जुनी हत्यारं जमवायचा नाद होता. कुठं गंजका पाना दिसला की हा गडी विरघळला. पिशवीत भिंग, खडू, दात घासायचा जुना ब्रश आणि घासलेटाची बाटली घेऊन फिरे. शिक्का पुसट झालेला असला की त्यावर खडू घासून अक्षरं वाचायची, दाते मोजायचे, दांड्याची नक्षी बघायची आणि मग जन्मसाल जाहीर करायचं. पत्रिका मांडणारा जोशीसुद्धा एवढ्या खात्रीनं बोलत नसेल.

"आमच्या घरी पलंगाखाली पाय घालायला जागा नाही, मावशी," अंबुजा सांगत होती. "गंजकं लोखंड आणतात आणि त्याला आंघोळ घालतात. मला कधी एक साबण आणला नाही."

सकवारबाई हसली नाही. ती म्हणाली, "माळ्यावर एक आहे, माप्पिळ्ळै. घेऊन जा. घरांत नको मला." तिकडं जावयाला माप्पिळ्ळै म्हणतात. एवढं बोलून ती कॉफी टाकायला आत गेली. बाहेर ओट्यावर शहाजी आपला कॉफीचा पेला शेजारी ठेवून बसला होता. त्यानं मान वळवली नाही, पण त्याची पाठ ताठ झाली.

चंद्रमौळीनं मला खाली आणलं आणि बनियन सोडलं. किती दिवसांनी उजेड दिसला! त्यानं ब्रशनं घासलं, खडू लावला, भिंग धरलं. परदेशी शिक्का अर्धाच वाचता आला. मग त्याला मानाजीचा 'मा' दिसला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटली.

"अंबुजा, लुक हिअर. हा लष्करी इन्स्पेक्टरचा मार्क. ठिपक्यांनी काढलेला, हुकासारखा. असा पीस मद्रासमधे दुसरा नसणार."

"तो मार्क नव्हे," ओट्यावरून शहाजी म्हणाला. "तो अण्णाचा मा. मोडीतला."

चंद्रमौळी जरा वरमला. तंजावरच्या मराठ्याच्या पोटी येऊन त्याला मोडी येत नव्हती, पण तो काही त्याचा एकट्याचा गुन्हा नव्हता. विषय बदलायला म्हणून त्यानं मला फिरवलं. आवाज नाही. उलटं फिरवलं. चाक दोन्हीकडं गुपचूप फिरलं.

"मेला की हा," तो म्हणाला. "खटका तर पुरता वळलेला आहे."

शहाजी उठून उभा राहिला. "काय म्हणालात?"

"खटका. टोकाला आहे अगदी. तिथंच गंजून बसलाय, हलत पण नाही. माळ्यावर टाकल्यावर कुणी हात लावला नव्हता का याला?"

"नाही," शहाजी म्हणाला. तो दारापर्यंत आला आणि चौकट धरून उभा राहिला. "पुन्हा बघा. अर्ध्यावर नाही ना?"

"नाही हो. तुम्हीच बघा." पण शहाजीला बघवेना. तो चौकटीला धरून उभाच राहिला आणि त्याचे ओठ हलत होते.

चंद्रमौळीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशीचा नवरा शेडमधे पडून गेला एवढंच त्यानं ऐकलं होतं. त्यानं आपल्या नादात माझ्या पाठीवरचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं. खिट्टीच्या मागं पिवळट, कडक असं काहीतरी घट्ट बसलं होतं, मधे लालसर रेघ. त्यानं अंबुजाच्या केसातली पिन मागून घेतली, खडा उकरला, तळहातावर पाण्याचा थेंब टाकून चोळला.

चंदनाचा वास घरभर झाला.

"कमाल आहे!" तो म्हणाला. "आतपर्यंत चंदन भरलंय, वर कुंकू. खिट्टी पुढं येणार कशी? असा पाना म्हणजे माणूस मारायचं साधन. कुणा शहाण्यानं केलं हे?"

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. मग भांड्याचा आवाज पूर्ण थांबला.

मित्रांनो, शहाजीला त्या क्षणी सगळं कळलं. खटका त्यानं नीट वळवला होता. ज्या ओझ्याखाली त्याची उमेदीची वर्षं गेली ते ओझं त्याचं नव्हतंच. त्याचा चेहरा मी पाहिला. वर्षानुवर्षं बुडालेला माणूस पाण्यावर यावा तसा तो झाला होता. आणि मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली, आणि त्याला हेही कळलं की हे ओझं आता कुणाच्या डोक्यावर जाणार.

"मी भरलें," शहाजी म्हणाला. "त्या वर्षी पूजेला. मीच."

निर्दोष होऊन त्याला चूळ भरण्याएवढाही वेळ मिळाला नव्हता, आणि त्यानं ते निर्दोषपण देऊन टाकलं. मला त्याचा राग आला. त्याच्यासाठी मी एवढी वर्षं साक्ष पोटात धरून बसलो होतो, आणि हा माणूस माझ्यासमोर खोटं बोलत होता. इतकं चांगलं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं.

सकवारबाई बाहेर आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले नाहीत. तिनं चंद्रमौळीच्या हातातला खडा घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"खोटें बोलतो तो," ती म्हणाली. मग ती भिंतीकडं वळली नाही. ती त्याच्याकडं वळली. "शहाजी. तुझा खटका नीट होता. हें मी लाविलें. या बोटांनी. ते म्हणाले होते, त्याला श्वासाला जागा ठेव. मी हसलें."

एवढं बोलून ती खालीच बसली आणि रडू लागली. मोठ्यानं, लहान मुलासारखी. मानाजी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिला रागाचा आधार होता.

शहाजी तिच्यापासून जरा अंतरावर बसला. "वैनी," तो म्हणाला, "दर वर्षी अण्णा धूत असे, त्या दिवशी धुतलें नाही. दर वेळी कानाशी धरून फिरवी, त्या दिवशी फिरविलें नाही. मीही देताना फिरवून बघितलें नाही. एकट्या चंदनानं कुणी मरत नाही."

"तुला इतकी वर्षं मी..."

"पुरे."

सकवारबाईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "काप्पी निवली असेल. दुसरी करत्यें. आंत येऊन घे."

तो उठून आत गेला. ओट्यावरचा पेला ओट्यावरच राहिला.

चंद्रमौळी माझी खिट्टी चिमटीत धरून तसाच बसला होता. त्यानं मला घासलेटात बुडवलं, ब्रशनं दात न दात धुतला, गंज सोडवला, तेल दिलं आणि झाकण बसवलं. मग भीत भीत एकदा फिरवलं.

टक टक टक.

आत दोघंही थांबले. या वेळी ती पाल नव्हती. ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि मलाही. स्वतःचा आवाज मी विसरलो होतो.

"हा मी नेत नाही, मावशी," निघताना चंद्रमौळी म्हणाला. "हा इथलाच पीस आहे." रिकाम्या हातानं जाणं मात्र त्याच्या स्वभावात नव्हतं. माळ्यावरची एक गंजकी पक्कड त्यानं मागून घेतली. अंबुजानं कपाळाला हात लावला.

मित्रांनो, तेव्हापासून मी माळ्यावर नसतो, देव्हाऱ्याखालच्या फळीवर असतो. शहाजी अजून टी. नगरला साड्यांच्या घड्या घालायला जातो, पण रविवारी कुणाचा पंप, कुणाची सायकल दुरुस्त करून देतो आणि मला बरोबर नेतो. पुढच्या आयुधपूजेला सकवारबाईनं मला सगळ्यांच्या आधी पाटावर ठेवलं. गंधाचं बोट तिनं उचललं आणि ते हवेतच अडलं. शहाजीनं माझा दांडा तिच्याकडं वळवला. तिथं, डोक्यापासून सगळ्यांत दूर, 'मा'च्या खाली, तिनं एक लहानसा ठिपका लावला. विजयादशमीला सकाळी घासलेटाचं भांडं तिनंच आणून ठेवलं.

सगळं धुऊन निघालं असं मात्र समजू नका. एका दाताच्या मुळाशी लालसर डाग राहिला आहे, तो कशानंही जात नाही. दमट हवेत माझ्या अंगाला अजून चंदनाचा वास येतो, आणि तसा तो आला की सकवारबाई हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत राहते. अशा वेळी शहाजी मला उचलतो आणि कानाशी धरून फिरवतो. ती ऐकते, मग कामाला लागते. मीही तेव्हा नीट ऐकतो. मानाजीचा हात अजून कुठं जवळपास असेल, तर त्याला माझा आवाज चोख ऐकू यावा, असं मला वाटतं.

तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. त्यांची पूजा करा, मला स्वतःला ती फार आवडते. पण दुसऱ्या दिवशी झाकण उघडून त्यांना आतून धुवा, आणि कामाला लावण्याआधी एकदा कानाशी धरून फिरवा. मुकी वस्तू माळ्यावर टाकून माणसावर ठपका ठेवण्याआधी तर नक्कीच फिरवा. आणि घासलेटाला भिऊ नका. पूजेचं चंदन घासलेटानं धुतलं म्हणून कुठलाही देव रागावत नाही. मला विचारा.